दारं बदला, पण आधी डबा ठोकून बघा

पाऊस ओसरायला लागला की कोल्हापुरात घराघरांत एकच विषय निघतो, दसऱ्याच्या आत घर जरा नीट करून घ्यायचं. यावेळच्या पत्रांत किचनची, कपाटांची जुनी दारं आणि ड्रॉवरची तोंडं बदलावीत का हाच प्रश्न सारखा येत होता, म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आमचा राजारामपुरीत फ्लॅट आहे. किचन पंधराएक वर्षांपूर्वीचं, खाली स्टीलच्या ट्रॉल्या आणि वर प्लायची कपाटं. ट्रॉल्या अजून छान पळतात पण दारांचा सनमायका कडेनं सुटलाय आणि सिंकखालचं दार तर फुगून बंदच होत नाही. एका शोरूमवाल्यांनी येऊन बघितलं आणि सगळं काढून नवीन मॉड्युलर करा म्हणाले, आकडा ऐकून आम्ही गप्पच बसलो. सासूबाई म्हणतात नुसती दारं बदला की. असं होतं का, आणि केलं तर टिकतं का?

होतं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी सासूबाईंचंच बरोबर वाटतंय मला. किचन म्हणून आपल्या डोळ्याला जे दिसतं ती सगळी दारं आणि ट्रॉलीची फ्रंटच असतात, मागचा डबा, म्हणजे दारामागचं कपाटाचं खोकं, कुणी बघत नाही, आणि हात, पाणी, तेल, वाफ हे सगळं लागतं ते दारांनाच, त्यामुळे दारं आधी म्हातारी होतात आणि डबा बऱ्याचदा धडधाकट असतो. असा चांगला डबा तोडून टाकून परत तसलाच डबा विकत घ्यायला लावतात ना, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ते पैसे तुमच्या घरातल्या दुसऱ्या कामाला आले असते.

पण दारांची ऑर्डर द्यायच्या आधी डबा बघायचा. सगळं सामान बाहेर काढा, मोबाईलची बॅटरी लावा आणि एक स्क्रूड्रायव्हर घ्या. सिंकखाली, पाईप भिंतीत जातो तिथं, आणि डब्याच्या खालच्या कोपऱ्यांत टोकानं जरा दाबून बघा, टोक आत रुतलं म्हणजे तिथलं प्लाय गेलंय. मग बोटाच्या पेरानं ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, पोकळ बद आवाज आला तर थर सुटलेत. कुठं मातीची बारीक रेघ चढलेली दिसली तर ती वाळवी, आणि खाली पिठासारखी पूड पडलेली दिसली तर लाकूड पोखरणारा किडा. हे दोन्ही असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, नवीन दारं लावून पोखरलेला डबा झाकू नका. शेवटी जुन्या बिजागरीचे स्क्रू पिळून बघा. नुसतेच गरगर फिरत असतील तर भोकं सैल झालीत, पण त्यावर इलाज आहे, भोकात सागवानाची खुंटी फेविकॉल लावून ठोकायची, वाळली की तिच्यात नवीन स्क्रू घ्यायचा. किंवा बिजागरीच इंचभर वर सरकवायची.

तुमच्याकडं फक्त सिंकखालचा डबा गेला असेल तर तेवढा एकच नवीन करून घ्या, बाकीचे राहू द्या. आणि आपल्याकडं बऱ्याच घरांत ओट्याखाली कडप्प्याचेच उभे पार्टिशन असतात, तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं, कडप्पा ना फुगतो ना त्याला वाळवी लागते, तिथं फक्त फ्रेमची लाकडी पट्टी तपासायची आणि दारं नवीन.

आता दार कशाचं करायचं. किचनला, निदान ओट्याखाली, मी प्लायच घ्या म्हणेन, १८ किंवा १९ एमएम, आणि त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० हा नंबर छापलेला पाहिजे. हे मरीन किंवा बीडब्ल्यूपी ग्रेडचं प्लाय, याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का बघतात. आयएस ३०३ चं एमआर ग्रेड हे दमट हवेपुरतं, हॉलच्या कपाटाला चालेल, सिंकजवळ नको. दुकानदार तोंडानं 'मरीनच आहे' म्हणतो तेव्हा शीटवरचा लायसन्स नंबर बघा, सीएम/एल असं लिहून पुढं आकडे असतात, तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की खरा का खोटा ते कळतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डांची तयार दारं स्वस्त पडतात, दिसायलाही गुळगुळीत, पण कडेतून एकदा पाणी शिरलं की फुगतात आणि परत बसत नाहीत. नक्षीचं, ग्रूव्ह काढलेलं रंगाचं दार हवंच असेल तर एचडीएचएमआर बोर्ड घ्या, तो ओलाव्याला एमडीएफपेक्षा बराच जास्त टिकतो.

सनमायका बाहेरून १ एमएमचा आणि आतल्या बाजूनंही लावायचाच, आतला पातळ चालतो. पैसे वाचवायला आतली बाजू नुसती रंगवतात किंवा कोरीच सोडतात आणि मग एका बाजूला ओढ बसून दार वाकतं, दोन पावसाळ्यात कोपरा बाहेर येतो. आणि सगळ्यात महत्त्वाच्या चारी कडा, हो चारी, खालची सुद्धा, जी कुणाला दिसत नाही म्हणून सोडून देतात. पाणी ओघळून थांबतं ते नेमकं खालच्या कडेलाच, तुमचा सनमायका कडेनं सुटला तो बहुतेक याचमुळं. मशीननं लावलेली पीव्हीसी एज बँड किंवा सागवानाची पट्टी पॉलिश करून, दोन्ही चांगलं, हातानं चिकटवलेली कागदी पट्टी मात्र नको.

फिनिशचं म्हणाल तर आपल्या घरात कांदा-लसूण मसाला परततात, रस्सा तासभर उकळतो, त्यामुळे गॅसच्या आजूबाजूला खरखरीत टेक्स्चरचा किंवा पांढराशुभ्र मॅट सनमायका घेऊ नका, हळद-तेलाचा हात लागला की पुसता पुसता दमाल. गुळगुळीत आणि मध्यम रंगाचा घ्या. गॅसच्या बाजूला पीव्हीसी फॉईलचं दारही टाळा, वाफेनं आणि उष्णतेनं फॉईल कडेनं सुटतं.

बिजागरीवर मात्र हात आखडू नका. तुमच्या दारांना आत गोल वाटीची ऑटो हिंज असेल, वाटीचं भोक ३५ एमएमचं असतं. दार डब्याच्या कडेवर पूर्ण बसतं, अर्धं बसतं की फ्रेमच्या आत बसतं यावर झिरो, आठ किंवा सोळा क्रँक (हिंजच्या दांड्याचा बाक) घ्यावी लागते, म्हणून जुनी हिंज काढून खिशात घालूनच दुकानात जा. तीन फुटांपर्यंतच्या दाराला दोन, पुढं पाच फुटांपर्यंत तीन आणि सहा-साडेसहा फुटी दाराला चार लावा. सॉफ्ट क्लोज जमलं तर जरूर घ्या, दार आपटलं नाही की स्क्रू ढिले होत नाहीत.

माप जुन्या फुगलेल्या दारावरून देऊ नका, फुगलेलं माप जास्तच येणार. डब्याचं माप घ्या, उंची रुंदी दोन-दोन ठिकाणी, कारण जुना ओटा क्वचितच सरळ असतो, आणि दोन दारांच्या मध्ये एक सूत फट सोडायला सांगा.

आणि सिलेंडरच्या खणाचं दार करताना खालच्या बाजूला जाळी ठेवायची म्हणजे ठेवायचीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो. नवीन दार दिसायला छान पॅक बसलं पाहिजे म्हणून जुन्या दाराची जाळी काढून टाकलेली मी बघितलीये, कृपा करून तसं करू नका.

प्रश्न : ड्रॉवर चांगले आहेत, फक्त समोरची फळी बदलायची आहे. त्यासाठी अख्खा ड्रॉवर काढावा लागेल का? जुन्या हँडलची भोकं कशी झाकायची? (शाहूपुरी)

ड्रॉवर बाहेर काढला तर काम सोपं होतं, पण खोलायचा नाही. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना काळी प्लास्टिकची जीभ असते, एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबत ओढली की ड्रॉवर हातात येतो. आतून बघा, समोरची फळी वेगळी लावलेली असेल तर आतून चार स्क्रू दिसतील, तेवढे काढले की फळी सुटते. पण काही जुन्या ड्रॉवरना समोरची फळी हीच डब्याची चौथी बाजू असते, ती काढली की डबाच उघडा पडतो, तिथं फळी न काढता तिच्यावरच नवीन फ्रंट आतून स्क्रू मारून बसवायचा. जाडी वाढणार हे लक्षात ठेवा, शेजारचं दार त्याला घासायला नको.

नवीन फ्रंट करताय म्हणजे भोकांचा प्रश्नच उरत नाही. फक्त हँडल बदलायचं असेल तर जुन्या दोन भोकांच्या मधलं अंतर मोजा, बहुतेक ९६, १२८ किंवा १६० एमएम निघेल, त्याच मापाचं हँडल आणलं की नवीन भोक पाडायलाच नको.

प्रश्न : आमचं मंगळवार पेठेत वडिलोपार्जित घर आहे. भिंतीतली सागवानी कपाटं आहेत, वडिलांच्या लग्नाआधीची. पावसाळ्यात दारं अडकतात, रंगाचे पापुद्रे निघालेत. मुलगा म्हणतो ती दारं काढून अ‍ॅक्रेलिकची चकचकीत लावूया. माझं मन होत नाही, पण त्यालाही घर नवीन दिसायला हवं आहे. काय करावं?

काका, मन होत नाही ते बरोबरच आहे तुमचं. मुलाला एकदा टिंबर मार्केटला घेऊन जा आणि तसल्या जुन्या सागवानाचा आजचा भाव विचारा, पुढचं बोलणं आपोआप सोपं होईल. ती दारं चूल-खोबणीची, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून जोडलेली असणार, त्यात पॅनल मोकळं बसवलेलं असतं म्हणजे लाकूड फुगलं-आकसलं तरी चौकट फाटत नाही. अशी जोडणी करणारे हात आता शोधावे लागतात.

दार अडकतंय म्हणून आत्ता लगेच रंधा मारू नका. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरून आडवं फुगतं, आत्ता तासलं तर मार्च-एप्रिलला बोटभर फट पडेल. दिवाळी होऊ द्या, थंडीत लाकूड आकसलं की मग बघा, तेव्हाही अडकत असेल तर अडकतंय तिथंच हलका रंधा. आणि कितीदा तरी लाकूड ठीक असतं, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली झुकलेलं असतं. दार उघडून हँडलला धरून वर उचलून बघा, हललं तर बिजागरीचंच काम आहे.

रंग काढताना काळजी घ्या, हे जरा गांभीर्यानं सांगते. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असू शकतं, कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडून काढायला सांगा, मास्क घाला, नातवंडांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी पाठवा आणि खाली अंथरलेला कागद गुंडाळून टाकून द्या. मग मेलामाइन किंवा पीयू मॅट पॉलिश. मुलासाठी असं करता येईल, वरच्या एक-दोन दारांचं मधलं पॅनल काढून काच बसवा, आत एलईडीची पट्टी आणि फिक्या रंगाचा सनमायका, चौकट तीच. काढलेली पॅनल जपून ठेवा. मला खात्री आहे तो अ‍ॅक्रेलिकचं नाव काढणार नाही.

प्रश्न : ताई, आम्ही दुधाळीत राहतो. २०१९ ला पाणी आलं, परत २०२१ ला आलं. दोन्ही वेळेला किचनची खालची सगळी दारं फुगून टाकून द्यायला लागली, चिखल तर विचारू नका. आता परत करायची आहेत पण धाडस होत नाही. पुरात टिकणारी दारं असतात काय?

तुमचं पत्र वाचून गलबलून आलं. आख्खं घर धुऊन काढायचं, वाळवायचं आणि परत दोन वर्षांनी तेच, याची कल्पना वरच्या भागात राहणाऱ्याला येत नाही.

खरं सांगायचं तर लाकडाचं कुठलंच दार पुराला पुरून उरत नाही. आयएस ७१० चं प्लाय पाण्यानं लगेच उसवणार नाही, पण चार-पाच दिवस गढूळ पाण्यात राहिलं की चिखल कडेत आणि बिजागरीत बसतो आणि सनमायका सुटतो. म्हणून ओट्याखाली डबा ठेवूच नका, कडप्प्याचे पार्टिशन करा आणि त्याला अ‍ॅल्युमिनियमची पावडर कोटेड फ्रेम. उद्यमनगरात फॅब्रिकेशनची कामं करणारे आहेत, तिथं मापानं करून मिळेल. फ्रेममध्ये पीव्हीसी शीट किंवा एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचं कॉम्पोझिट पॅनल) भरा, किंवा अख्खं दारच पीव्हीसी बोर्डचं करा. पीव्हीसी पाण्यानं फुगत नाही, पाईपनं धुता येतं. गॅसच्या अगदी जवळ मात्र पीव्हीसी नको, तिथं धातूचंच ठेवा.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, दारं अशी लावा की काढून वर नेता येतील. क्लिप-ऑन हिंज म्हणून येते, तिच्या मागच्या टोकाला बोटानं दाबायची खिट्टी असते, दाबली की दार हिंजसकट सुटून हातात, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. परत लावताना पुढचा भाग अडकवून मागं दाबायचं, टक्‌ वाजलं की बसलं. जुन्या स्लाईड-ऑन हिंजला स्क्रू ढिला करत बसावं लागतं, वीज गेलेली, घरात आरडाओरडा, तेव्हा ते होत नाही. प्रत्येक दाराच्या आत आणि तिथल्या कडप्प्यावर ऑईलपेंटनं एकच नंबर टाका. ड्रॉवर आणि ट्रॉल्या चॅनलवरून निघतातच, ते वर सांगितलंय. ट्रॉलीची फ्रंटही पीव्हीसीची करून घ्या.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या गल्लीत पाणी किती फुटाला येतं हे तुम्हालाच माहीत, त्याच्या बऱ्याच आधी, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की दारं, ड्रॉवर, ट्रॉल्या सगळं माळ्यावर नाहीतर गच्चीवरच्या खोलीत. घरातल्या मोठ्या मुलांना एकदा उन्हाळ्यातच करून दाखवा, म्हणजे त्या दिवशी कुणाला विचारायला नको. गॅस सिलेंडर आणि मीटरचं मात्र सगळ्यात आधी.

वरची कपाटं तुमच्या पाण्याच्या खुणेच्या हातभर वर असतील तर ती प्लायची चालतील. भिंतीवर ती ओल अजून दिसत असेल तर भिंत पूर्ण वाळल्याशिवाय कपाट टेकवू नका, मागून बुरशी येते.

प्रश्न : भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. किचनची दारं वाकडी झालीत, एक वर एक खाली दिसतात. मालक बदलून देत नाहीत. (कसबा बावडा)

बदलायची गरज नसेलही. ऑटो हिंजवर दोन स्क्रू दिसतात, पुढचा फिरवला की दार डावी-उजवीकडं सरकतं, मागचा ढिला करून दार आत-बाहेर करता येतं, आणि डब्याला लागलेल्या प्लेटचे स्क्रू ढिले केले की वर-खाली. अर्धा-अर्धा आटा फिरवा, दार लावून बघा, परत फिरवा. एका सुट्टीच्या दिवसात सगळं किचन एका रेषेत येईल. रंग आवडत नसेल तर स्टिकर शीट लावता येते पण आधी मालकांना फोटो पाठवून विचारा, आणि जुनी हँडल पिशवीत घालून ठेवा, घर सोडताना परत लावून द्या.

प्रश्न : तीन सुतारांनी दारांचे तीन वेगळेच दर सांगितले, सगळे चौरस फुटाचे. स्वस्तातल्याला काम द्यावं का? (ताराबाई पार्क)

तिघांनी एकाच गोष्टीचा दर सांगितलाय का ते आधी बघा. एकानं नुसती मजुरी धरलेली असते, दुसऱ्यानं प्लाय-सनमायकासकट, तिसऱ्यानं हिंज, हँडल, जुनी दारं काढणं सगळं धरून. तिघांनाही एकच कागद द्या, त्यावर लिहा, प्लाय कुठल्या ग्रेडचं आणि किती एमएम, सनमायका दोन्ही बाजूंनी, कडांना काय, हिंज कुठल्या आणि दाराला किती, हँडल कोण आणणार, जुनं सामान कोण उचलणार. मग दर विचारा.

मालाचा अंदाज स्वतः काढा. ८ बाय ४ ची एक शीट म्हणजे ३२ चौरस फूट. समजा ओट्याखालची दारं दहा फूट लांब आणि सव्वादोन फूट उंच, तर साडेबावीस चौरस फूट, कापाकापीत वाया जाणारं धरूनही एका शीटमध्ये बसायला हवं. तिथं कुणी तीन शीट सांगितल्या तर कटिंग कसं करणार ते कागदावर काढून दाखवा म्हणा, चांगला मिस्त्री न चिडता काढून दाखवतो. सनमायकाच्या उभ्या रेघा असतील तर सगळ्या दारांवर त्या एकाच दिशेनं येतील असं कटिंग लागतं, तेव्हा माल थोडा जास्त जातो, ते मान्य करा.

सगळी दारं एकदम करून घेण्याआधी एक दार पूर्ण करून, लावून दाखवायला सांगा. कडा बोटानं चाचपा, खालची सुद्धा, आणि दार उघडून सोडून द्या, मधे कुठं घासतंय का बघा. ते पसंत पडलं की बाकीच्यांचा ॲडव्हान्स द्या. आणि काम नवरात्राच्या आधी ठरवा, दिवाळीच्या तोंडावर चांगल्या मिस्त्रींना वेळच नसतो, घाईत केलेल्या दाराचा सनमायका नीट दाबून ठेवला जात नाही.